किल्लेदाराचा न चाललेला खेळ

आमचे धाकटे दीर जेवायला बसले की उजवा हात ताटात आणि डावा हात मांडीवर. त्या डाव्या हाताची बोटं सारखी चालू. करंगळी दाबून धरलेली, मधली तीन बोटं आळीपाळीने उठताहेत, अंगठा मधूनच आपटतोय. आधी मला वाटलं, माणूस मनातल्या मनात जप करतोय. मग वाटलं, नसांचा काही आजार असेल. शेगावला गेले तेव्हा त्यांच्या नावाने एक नारळही वाढवून आले. तो नारळ वाया गेला. माणूस आमच्या स्वयंपाकघरात वरण-भाकर खात असायचा, आणि त्याचा डावा हात मात्र तिकडे मोताळ्याच्या बसस्थानकाजवळ, कुलूपबंद सेंटरमधल्या संगणकात, किल्ल्याच्या भिंतीवरून गस्त घालत असायचा.

'किल्लेदार' हे नाव सासऱ्यांनी ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. एकदा कापूस गाडीत भरायचा होता, मजूर मिळत नव्हते, आणि धाकटे चिरंजीव सेंटरमधून येईनात. आले ते दोन तासांनी. "काऊन रे, कोठी होता?" म्हणून सासऱ्यांनी विचारलं, तर हा म्हणतो, "आबा, किल्ल्यातलं धान्य भिजून राह्यलं होतं, थे हलवा लागलं." सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "सूनबाई, पाट मांड. किल्लेदार आले." तेव्हापासून आमच्या घरात, गल्लीत आणि पुढे मोताळ्यातही त्यांना दुसरं नाव उरलं नाही.

सेंटर म्हणजे चार संगणक, एक छपाईचं यंत्र आणि बाहेर 'ऑनलाइन कामे केली जातील' अशी पाटी. दिवसा सातबारा, पीकविमा, परीक्षेचे निकाल. गिऱ्हाईक नसलं की कोपऱ्यातल्या संगणकावर तो खेळ. जगभरातली माणसं एकाच वेळी एकाच मुलखात राहतात, असा तो खेळ होता. तिथे झाड तोडा, दगड काढा, शेत नांगरा, धान्य साठवा, आणि पाचपन्नास अनोळखी माणसं गोळा करून किल्ला बांधा. किल्लेदाराने ब्राझील आणि कॅनडातल्या माणसांबरोबर एक किल्ला बांधला होता. दोन वर्षं लागली. त्या माणसांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण कोणाच्या बायकोला दिवस गेले आहेत आणि कोणाचं काम सुटलं आहे, हे त्यांना आमच्या गल्लीतल्या बातम्यांपेक्षा आधी कळायचं.

त्यांना एकच ध्यास होता. आपल्या मुलखातला एक तरी माणूस या खेळात यावा. त्यासाठी त्यांनी किती जणांना चहा पाजला असेल! शिकवायला बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "घाबरायचं नाही. पह्यले सहा महिने माणूस इथं फक्त मरते." हे ऐकूनच अर्धे लोक चहा संपवून उठायचे. मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, निदान सुरुवातीला तरी काही गोड बोलत जा." तर म्हणाले, "वैनी, खोटं बोलून आणलं तं मेल्यावर अजूनच राग येते."

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या शकीलभाईने आठ दिवस प्रयत्न केला. नवव्या दिवशी एका लाकूडतोड्याने त्याला कुऱ्हाडीने मारलं आणि त्याचे कपडेसुद्धा काढून नेले. शकीलभाई उठला आणि म्हणाला, "किल्लेदार, दुकान में गिऱ्हाईक सताते, घर में बीवी सताती. इधर अमेरिका का आदमी आके चड्डी भी ले गया. इसको खेल कैसा बोलते बे?"

माझीही शिकवणी झाली. पहिला अर्धा तास मी एका भिंतीकडे तोंड करून उभी होते आणि मला वाटत होतं, संगणक बिघडला. मग वळायला शिकले. मग चालायला शिकले आणि विहिरीत पडले. तिथून वर आले तर काही वेळाने पडदा काळा. "काय झालं हो?" म्हटलं. किल्लेदार खालमानेने म्हणाले, "वैनी, तुम्ही उपाशी मेल्या." अख्ख्या घराचा दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई मी, आणि मला भुकेने मारलं त्या खेळाने! "थे खाली कोपऱ्यात भूक दिसते, तिच्याकडे पाहा लागते," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या घरात भूक मला हाक मारते, तिच्याकडे पाहावं लागत नाही."

त्याच सुमारास फोनवरचा तो विमानातून छत्रीने उडी मारायचा खेळ आला आणि गावातल्या पारावर, टपरीवर, थेट पिकात बसून पोरं तो खेळू लागली. आपला खेळ कोणी घेत नाही आणि हा मात्र शिकवावाही लागत नाही, याचं किल्लेदाराला दुःख व्हायचं, पण राग नव्हता. एकदा सेंटरच्या पायरीवर बसून त्यांनी मला समजावलं. "त्यात पहा वैनी, उडी मारा, गोळ्या घाला, मरा. पाव घंट्यात खेळ खतम. लगेच दुसरा डाव, पह्यल्या डावातलं काहीच गेलं नाही. माह्या खेळात गेलं तं गेलं. दोन वर्षाचं एका दिवसात जाते. आणि एकट्यानं काहीच होत नाही, माणसं पाह्यजेत. आणि त्या माणसाइवर भरोसा ठेवा लागते, अन् ठेवायचाही नसते. हे समजाले वेळ लागते. लोकाइजवळ वेळ नाही."

आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, तिथेच मोटारसायकलला टेकून उभे होते. ते म्हणाले, "वेळ हाये बे. पण वर्षभर राबायचं, माणसं लावायची, राखण करायची, अन् एका दिवसात सगळं जायचं, हे आम्ही फुकटात करूनच राह्यलो ना. संध्याकाळी बसून पुन्हा तेच काऊन खेळीन कोणी?"

मला वाटतं, त्या खेळाबद्दल किल्लेदारांनी ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं, आणि ते त्यांना नको होतं.

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळीचं नाव विसरा असं सांगितलं होतं, आणि काही वर्षं आम्ही खरंच विसरलो होतो. त्या दिवाळीनंतर पऱ्हाटी छातीएवढी उभी, बोंडं हिरवीगार, टपोरी. ह्यांनी एक तोडून नखाने फोडलं तर आत कापसाच्या जागी पिवळट लगदा आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तसंच. ह्यांनी एका ओळीतली सगळी बोंडं फोडली, तिथेच बांधावर ठेवली आणि घरी येऊन अंघोळ न करता झोपले.

त्या हिवाळ्यात आमच्या गावात बायका काही बोलत नव्हत्या, पण सगळ्या एकच करत होत्या. नवरा शेतात गेला की घटकाभराने काहीतरी निमित्त काढून मागे जायचं. मी तर विळा द्यायला गेले, मग विळ्याला धार लावायचा दगड द्यायला गेले, आणि एकदा नुसतीच गेले तर हे म्हणाले, "आज काय आणलं?" मी म्हटलं, "मीच आले." ते हसले नाहीत. फवारणीचे डबे मी माझ्या माहेरच्या पेटीत ठेवून किल्ली कमरेला लावली होती, हे त्यांना माहीत होतं. विचारलं मात्र कधी नाही.

आणि किल्लेदार? ते घरात असून नसल्यासारखे. पोराला एवढं शिकवलं, तर निदान अशा वेळी भावाशेजारी बसावं, असं मला वाटे. एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, इथे सगळं पीक गेलं आणि तुम्हाला त्या खोट्या किल्ल्याची पडली आहे?" ते शांतपणे म्हणाले, "वैनी, वावर आबांचं हाये. पऱ्हाटी दादाची. सेंटरची जागा भाड्याची. मले सांगा, या दुनियेत माहं म्हणावं असं काय हाये? थो किल्लाच तेवढा माहा हाये." मी भाकरी उलटली.

मग एका शनिवारी ते सायकल अंगणात टाकून धावत आत आले. चेहरा उतरलेला. किल्ल्यावर चाल येणार होती. त्या खेळाचा नियम असा की, ज्याला किल्ला घ्यायचा त्याने आदल्या दिवशी दवंडी द्यायची आणि वेळही त्यानेच ठरवायची. शत्रूने रविवारची सकाळ निवडली होती, आमची सकाळ. त्या वेळी ब्राझील-कॅनडात मध्यरात्र; दोघे-तिघे सोडले तर सगळे सोबती झोपलेले. "किल्ला गेला तं पुन्हा भेटत नाही," ते म्हणाले. "आतलं सगळं त्याइचं. अन् मी किल्लेदार. मी जागा असून गेला, म्हणतीन." असे चेहरे मी त्या महिन्यात गावात बरेच पाहिले होते, आणि त्यानंतर काय होतं तेही ऐकलं होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाटेवर पडून छताकडे बघत होते. पडल्या पडल्याच म्हणाले, "किती माणसं पाह्यजेत?"

"चार मशिनी हायेत, दादा."

"मंग आम्ही येतो." शेतात जाण्यासारखं तसंही काही उरलं नव्हतं.

रविवारी सेंटरचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं बसलो. किल्लेदार स्वतः तटावर. शकीलभाई दगड फेकायच्या यंत्रावर. मागची चड्डी वसूल करायच्या इराद्याने आला होता. माझ्याकडे विहीर आणि बादली, कुठे आग लागली तर विझवायची. आणि हे दारावर. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला होता आणि तो ते उंदीर पकडावा तसा धरून होते.

"दादा, फक्त एक काम. हे बटन दाबायचं नाही."

"मंग मले बसवलं काऊन?"

"दाराजवळ आपला माणूस उभा असला की दार लवकर फुटत नाही. तू नुसता उभा राह्य. कोणीही आलं, काहीही म्हटलं, दार उघडायचं नाही."

"नाही उघडत," हे म्हणाले. मग कानाला ते हेडफोन लावले. त्या खेळात जवळ उभ्या असलेल्या माणसाचा खरा आवाज कानात ऐकू येतो, आणि आपला त्याला. आमच्या कानात इंग्रजी आरडाओरडा येत होता, तो कळत नसल्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

आम्हा सगळ्यांना भीती एकाच गोष्टीची होती, लाइन जाईल. त्या दिवसांत सकाळची लाइन कधी जाईल सांगता यायचं नाही. इन्व्हर्टर होता, पण चार संगणक तो किती वेळ ओढणार? शकीलभाईचा एक डोळा पडद्यावर आणि एक वरच्या पंख्यावर. पंखा फिरतोय तोवर किल्ला आहे.

चाल आली. पडद्यावर टेकडीमागून मुंग्यांसारखी माणसं उतरू लागली. किल्लेदाराची बोटं, जी मी वर्षानुवर्षं मांडीवर पाहिली होती, ती पहिल्यांदा खऱ्या जागी चालताना पाहिली. माणूस वेगळाच दिसत होता. "शकीलभाई, डावीकडे! वैनी, कोठाराले आग!" मी बादली भरून धावले, भिंतीला धडकले, पुन्हा धावले. आग विझली. खरंच विझली! मी ओरडले, "विझली हो भाऊजी!" शकीलभाईचा दगड बरोबर माणसांवर पडला. "या अल्ला, लगा बे लगा!" तट उभा होता. दार उभं होतं. घाम पुसायला कोणाचा हात मोकळा नव्हता. किल्लेदार पुटपुटत होते, "आणखी थोडंसं. आणखी थोडंसं टिकलं की त्याइची वेळ संपते."

तेवढ्यात माझ्या शेजारून ह्यांचा आवाज आला. "कोन हाये?"

मला वाटलं, मला विचारताहेत. ते पडद्याकडे बघून बोलत होते.

"किधर से आये बाई तुम?" मग थांबले. कानातलं ऐकत होते. "पीछे कौन है?" पुन्हा थांबले. ह्यांचा चेहरा मी लग्नापासून बघते आहे. असा घाबरलेला कधी पाहिला नव्हता. "कितने हैं? ... रोओ मत, रोओ मत. रुको."

"अहो," मी म्हटलं, "अहो, कोणाशी..."

ह्यांनी बटण दाबलं.

दार आत उघडलं. एक बाई आत आली, अनवाणी, फाटक्या कपड्यांची. ती बाजूला झाली, आणि तिच्यामागे जे काळं लोंढ्यासारखं आत घुसलं ते थांबेचना. किल्लेदार ओरडले, "दार! दार कोणी उघडलं?" त्यानंतर ओरडण्यासारखंही काही राहिलं नाही. कोठार गेलं, तट गेला, मी विहिरीवर बादलीसकट मेले. आम्ही बसलो होतो आणि दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर जळत होती. वर पंखा छान गरगरत होता. त्या दिवशी लाइन शेवटपर्यंत गेली नाही.

हे हेडफोन गळ्यात अडकवून उभे राहिले.

"तुले सांगतलं होतं ना दादा, कोणीही आलं तरी."

"हाव. सांगतलं होतं."

"मंग?"

"अबे, बाई होती थे. हिंदीत बोलत होती. म्हणे भैया, पीछे आदमी लगे हैं, मार देंगे. रडून राह्यली होती. पाठीमागून पळायचा आवाज येत होता." त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "तिले बाहेर ठेवा लागत होतं काय?"

घरात मी कडी वाजवून वाजवून दमते तेव्हा कुठे हे उठतात. हे सांगायचा मोह झाला होता, पण ती वेळ नव्हती. बाई शत्रूच्या माणसांतलीच होती, रडणं सोंग होतं, हे किल्लेदाराला, शकीलभाईला आणि बादलीवाल्या मलाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या ह्यांना. कोणी सांगितलंही नाही.

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. ब्राझीलवाला उठला होता. "विचारून राह्यला, दार कसं उघडलं," किल्लेदार म्हणाले.

"लिखो ना, लाइट गया," शकीलभाई म्हणाला. "उधर किसको पता?"

"खोटं काऊन लिहितं?" हे म्हणाले. "मी उघडलं, लिह्य."

किल्लेदारांनी तसं लिहिलं. मग उत्तर आलं, ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. ज्याने दार उघडलं त्याला टोळीतून काढायचं, हा नियम. त्याचं नाव किल्लेदारानेच खोडायचं. ते केलं की किल्लेदाराची जागा कायम. सगळे मिळून नवा किल्ला बांधतील.

"काढ ना मंग," हे म्हणाले. "मी काय तिथं राहाले आलो होतो? माहं काय जाते?"

बरोबरच होतं. शकीलभाईनेही मान हलवली. किल्लेदारांनी पडद्यावर ह्यांचं नाव शोधलं. एक दाढीवाला बुटका माणूस, खाली इंग्रजीत 'दादा' लिहिलेलं. त्यावर बाण नेऊन ते बसून राहिले. बाहेर कुणी शटर वाजवलं, विम्याचं विचारत होतं.

"माह्याच्यानं नाही होत," ते म्हणाले, आणि त्यांनी बाण खाली नेऊन स्वतःचंच नाव खोडलं. पडदा निळा झाला. मग त्यांनी एकेक करून चारही संगणक बंद केले, रोज करायचे तसे.

त्या रात्री मी दोघांवर नजर ठेवून होते. दोन्ही भाऊ ओसरीवर शेजारी शेजारी झोपले आणि सकाळी मला न सांगता शेतात गेले. निमित्तसुद्धा न घेता मी पदर खोचून धावत गेले. बांधावरून पाहिलं, तर दोघंही पऱ्हाटी उपटत होते. हे पुढे, किल्लेदार मागे. उपटायची, मुळाची माती झटकायची, ढीग करायचा. किल्लेदाराच्या तळव्यांना फोड आले होते. मला पाहून हे म्हणाले, "आली का? मंग वाक जराशी, उपटू लाग." मीही वाकले. आम्ही तिघांनी मिळून ते वावर चार दिवसांत मोकळं केलं. खेळाचा विषय कोणी काढला नाही, पण दुपारी भाकरीचं फडकं सोडताना किल्लेदार एकदम म्हणाले, "दादा, तू म्हणत होता थे खरं हाये. हा खेळ आपल्याइकडं नाही चालणार." हे घास चावत म्हणाले, "चालीन. लोकं बदलले की चालीन." आणि मिरची मागितली.

उन्हाळ्यात किल्लेदाराला पुण्यात नोकरी लागली. कुठल्याशा कंपनीत लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांचा संगणक का चालत नाही ते शांतपणे समजावून सांगायचं. आमच्यासारख्यांना शिकवून झालेल्या माणसाला ते जड नव्हतंच. सेंटर शकीलभाईने घेतलं.

बुलढाण्याच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं मोताळ्याच्या स्थानकावर गेलो. मी डब्यात धपाटे दिले, पाण्याची बाटली दिली, तिकडे कोणाशी भांडू नका म्हणून सांगितलं. हे नुसते उभे. गाडी सुरू झाली, कंडक्टरने दोर ओढला, तेव्हा हे एकाएकी खिडकीपाशी गेले.

"अरे, थे बाई," म्हणाले. "थे तुले मंग कधी दिसली का त्या खेळात? तिले काही झालं तं नाही ना?"

किल्लेदाराने त्या दिवसानंतर तो खेळ उघडला नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"दिसली ना, दादा. बरी हाये. घरी पोचली."

"बरं झालं," हे म्हणाले, आणि गाडी गेली.